टाचदुखीची चिकित्सा: नीरेकाठच्या वाटेवरून

बारामती तालुक्यातील पणदरे हे गाव नीरेहून बारामतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नीरेच्या डाव्या कालव्याने बागायत झालेल्या पट्ट्यात वसलेले आहे. आणि मनुष्याच्या पायाचा इतिहास ज्याला लिहावयाचा असेल त्याने या रस्त्याच्या कडेला काही काळ उभे राहावे, असे मला मनापासून वाटते. आषाढी वारीच्या दिवसांत सासवडहून निघालेली सोपानकाकांची पालखी याच रस्त्याने बारामतीस येते; देहूहून निघालेली तुकोबांची पालखी यवत, वरवंड, उंडवडी असे मुक्काम करीत बारामतीला पोचते आणि काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने पुढे नीरा ओलांडून अकलूजकडे वळते. दसरा-दिवाळी सरली की याच रस्त्यावर बीड-नगरकडच्या ऊसतोड मजुरांच्या गाड्या दिसू लागतात. आणि बांधावरून, पाटाच्या कडेने, भिजलेल्या काळ्या रानातून अनवाणी किंवा झिजलेल्या रबरी चपलेत बाराही महिने चालणारा येथला शेतकरी तर आहेच. वारकरी, मजूर आणि कुणबी या तिघांच्याही तोंडी एकच गाऱ्हाणे वरचेवर ऐकू येते: सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेतून जी कळ निघते ती थेट डोळ्यांत पाणी आणते, दहा-वीस पावले चालल्यावर ती थोडी मावळते, घटकाभर बसून उठावे तर पुन्हा तीच गत, आणि दिवस कलताना टाच टेकवत नाही.

आजचे वैद्यक या व्याधीस प्लांटर फॅशियायटिस म्हणते. टाचेच्या हाडाच्या तळापासून बोटांच्या मुळांपर्यंत एक चिवट, तंतुमय पट्टा ताणलेला असतो. तळपायाची कमान तोच धरून ठेवतो आणि पाऊल उचलताना बोटे मागे वळली की तोच ताठ होऊन शरीराचा भार पुढे ढकलतो. दीर्घकाळ उभे राहणे, कठीण जमिनीवरची चाल, वाढलेले वजन, आखडलेली पोटरी अशा कारणांनी हा पट्टा टाचेच्या हाडाला जेथे चिकटतो तेथे झिजतो. या व्याधीचा एक स्वभाव मात्र आरंभीच सांगून ठेवला पाहिजे, कारण पुढील सर्व कथा त्यावाचून उलगडत नाही. दहांपैकी आठ-नऊ रुग्णांची टाच शस्त्रक्रियेवाचून, बहुधा वर्षभरात, बरी होते. जो रोग कालांतराने आपोआप ओसरतो त्याच्यावर केलेला प्रत्येक उपचार यशस्वी ठरल्यासारखा दिसतो. म्हणूनच टाचेइतके परस्परविरुद्ध उपचार आणि त्या प्रत्येकाचे इतके निष्ठावंत साक्षीदार क्वचितच दुसऱ्या अवयवाच्या वाट्याला आले असतील.

आपल्याकडील सर्वांत जुना पुरावा सुश्रुतसंहितेत सापडतो. निदानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात, वातव्याधींच्या मालिकेत, वातकंटक या नावाने ही पीडा वर्णिलेली असून पाऊल विषम जमिनीवर पडल्याने वायू त्या ठिकाणी आश्रय घेतो, अशी तिची मीमांसा केलेली आहे. नंतरच्या ग्रंथकारांनी तीत श्रमाचीही भर घातली. त्या प्राचीन भिषग्वर्यांनी विषम भूमी आणि श्रम ही दोन कारणे नेमकी हेरावीत, यात मला त्यांच्या निरीक्षणशक्तीचा थोर प्रत्यय येतो. चिकित्सेचा भाग त्याहून कठोर आहे. पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्यामध्ये जे क्षिप्र नावाचे मर्म सांगितले आहे, त्याच्या वर दोन अंगुळांवर व्रीहिमुख नावाच्या शस्त्राने शीर वेधून रक्त काढावे, असा शारीरस्थानाचा आदेश आहे. चक्रदत्तादी पुढील संग्रहग्रंथांत वारंवार रक्तमोक्षण, एरंडेल तेलाचे प्राशन आणि तापलेल्या सुयांनी दाह असे तीन मार्ग एकत्र नोंदलेले आढळतात. अग्निकर्माचा स्वतंत्र अध्याय सूत्रस्थानात आहे. त्यात पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात, शर, शलाका यांपासून मध, गूळ आणि स्नेहापर्यंत दाहाची साधने गणलेली असून कोणत्या धातूवर कोणते साधन योजावे याचाही विचार आहे. अग्नीने बरा केलेला रोग पुन्हा उद्भवत नाही, अशी सुश्रुताची प्रतिज्ञा आहे, आणि या एका प्रतिज्ञेचा पगडा खेड्यापाड्यांतील लोकांच्या मनावर किती शतके राहिला, हे ज्यांनी डाग दिलेल्या टाचा पाहिल्या आहेत त्यांना सांगावयास नको.

ग्रंथांतली ही विद्या गावात उतरली ती जशीच्या तशी नव्हे. पेशव्यांच्या रोजनिश्यांत वैद्यांना आणि हकिमांना दिलेल्या इनामांच्या, नेमणुकांच्या नोंदी आहेत. परंतु दरबारच्या वैद्याचा हात कसब्याच्या वेशीपलीकडे फारसा पोचत नसे. पुण्याच्या हुजुरातून निघालेला लखोटा घेऊन परगण्यापरगण्यांतून धावणारी जासुदांची जोडी, रात्रभर गस्त घालणारा रामोशी, जमाबंदीसाठी कागद बगलेत मारून शिवारभर हिंडणारा कुलकर्णी, यांची टाच दुखली तर तिला चुलीपुढची म्हातारी, धनगराचा डाग आणि चांभाराची वहाण हेच आधार. डाग देणे ही गुराढोरांच्या सांभाळातून आलेली कला होती: बैल पायाने लंगडू लागला की लोखंड तापवून सांध्यावर चरके द्यावयाचे, आणि बैलाला गुण येतो तर धन्यालाही यावा, एवढाच त्यामागील तर्क. बिब्ब्याचा प्रयोग त्याहून सूक्ष्म आणि अधिक धोक्याचा. सुईला टोचलेला बिब्बा दिव्याच्या ज्योतीवर धरला की त्यातून काळे, चिकट तेल पाझरू लागते. त्याचा थेंब टाचेच्या दुखऱ्या बिंदूवर लावावयाचा. टाचेची कातडी जाड म्हणून हे पुष्कळदा निभावून जाई. पण तेच तेल घोट्यावर ओघळले की बिब्बा उतत असे आणि मूळचे दुखणे बाजूला राहून फोडांचीच शुश्रूषा करण्याची पाळी येई.

या सर्वांत सौम्य, आणि माझ्या मते सर्वांत शहाणा, म्हणजे विटेचा शेक. पणदरे-माळेगावच्या परिसरात तो अद्यापि घरोघर ठाऊक आहे. भाकऱ्या उरकल्यावर चुलीच्या निखाऱ्यांत एक पक्की वीट सरकवून ठेवतात. ती पुरेशी तापली की चिमट्याने ओढून जमिनीवर आडवी मांडतात आणि तिच्यावर रुईची दोन-तीन पाने, पाठीकडची लवदार बाजू वर येईल अशी, एकावर एक अंथरतात. पाने चरचरतात, त्यांतून हिरवट, उग्र वास येतो. मग एखादे फडके मध्ये घालून टाच प्रथम नुसती टेकवावयाची, सोसवेल तसा भार वाढवावयाचा, फार पोळले की उचलावयाची, पुन्हा टेकवावयाची. पाने काळवंडली की बदलतात, वीट निवली की शेक संपतो. रुईच्या चिकाने टाच बरी होते असे मानण्यास काही आधार नाही, आणि तो चीक डोळ्यांत गेला तर इजा निश्चित. परंतु आखडलेल्या पट्ट्यास उष्णता मिळावी, टाचेवर भार क्रमाक्रमाने यावा, आणि दिवसभर उभ्या असलेल्या बाईने निदान तेवढा वेळ एका जागी बसावे, या तिन्ही गोष्टी त्या विटेने साधल्या. मधुमेह जडलेल्या माणसाने मात्र हा शेक घेऊ नये. त्याच्या तळव्याची संवेदना बधिर झालेली असू शकते आणि मग पोळल्याचे त्याला फार उशिरा कळते.

वारीच्या वाटेने या गृहोपचारांना एक सामुदायिक रूप दिले, आणि त्याची नोंद वैद्यकाच्या इतिहासात व्हावयास हवी होती असे मला फार वाटते. दिंडी मुक्कामाला आली की गावकरी वारकऱ्यांचे पाय धुतात, तेल लावून चेपतात. काशाच्या वाटीने तळवे घासले जातात. चर्मकार मंडळी रस्त्याकडेला ऐरण मांडून तुटल्या वहाणा मोबदला न घेता सांधून देतात. आणि आता त्यांच्या शेजारी डॉक्टरांचे तंबूही उभे राहतात. यांपैकी चर्मकाराचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. बलुतेदारीच्या काळात मोट आणि वहाण ही त्याच्या हातची दोन मुख्य कामे होती. बाभळीच्या सालीने कमावलेल्या कातड्याचे थर एकावर एक शिवून केलेली ती वहाण आरंभी पायाला चावे, पण टाचेखाली जाड थर असल्यामुळे खड्याकाट्यांपासून तिचे रक्षण होई. कमानीस आधार देण्याचा गुण तिच्यात नव्हता. तरीही टाच झिजली की चांभार तेवढीच पट्टी बदलून देई, आणि वहाण एका अंगाला कलंडून पाय वाकडा पडावा अशी वेळ सहसा येत नसे. रबरी चपलेने ही दुरुस्तीच संपविली: ती स्वस्त, हलकी, पाण्याने न कुजणारी, परंतु टाचेखाली झिजून पत्र्यासारखी पातळ झाली तरी अंगठा तुटेपर्यंत कोणी ती टाकीत नाही.

दरम्यान या मुलखाची चालच बदलली होती. 1876 च्या दुष्काळात सरकारने ज्या पाटबंधाऱ्यांच्या कामांस हात घातला त्यांत नीरेचा डावा कालवा होता. पुढील दशकात त्याचे पाणी बारामती-इंदापूरच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात खेळू लागले आणि भाटघरच्या धरणाने त्यास बारमाही बळ दिले. बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंदांचे वालचंदनगर उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव आणि सोमेश्वर येथे सहकारी साखर कारखाने निघाले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पायाला वर्षातून काही महिने जी सक्तीची विश्रांती मिळत असे ती बागायताने हिरावून घेतली. पाणी पाळीने येते, पाळी मध्यरात्रीही येते, आणि दारे धरणारा माणूस थंड चिखलात तासन्‌तास उभा असतो.

पाश्चात्त्य वैद्यकाने या टाचेकडे पाहिले ते पुष्कळ उशिरा, आणि प्रथम चुकीच्या दिशेने. 1812 साली वुड नावाच्या वैद्याने तिचे वर्णन केले तेव्हा तिचा संबंध क्षयाशी जोडला. 1895 साली राँटगेनने क्ष-किरणांचा शोध लावला आणि पाच वर्षांतच, 1900 साली, जर्मनीत प्लेटनरने टाचेच्या हाडाच्या तळाशी पुढे आलेल्या अणकुचीदार काट्याचे वर्णन प्रसिद्ध केले. छायाचित्रात स्पष्ट दिसणारा तो काटा पाहून अपराधी सापडला असे कोणासही वाटावे, यात नवल नाही. शतकाच्या आरंभी काही शल्यविशारदांनी त्याचे खापर गुप्तरोगावर फोडले आणि काटा छिनून काढण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या; इंग्रजीत गस्तीच्या शिपायांवरून या दुखण्यास पोलिसाची टाच असेही नाव मिळाले. आपल्याकडे तालुक्याच्या गावी क्ष-किरण यंत्रे आली तसे ‘टाचेचे हाड वाढले आहे’ हे वाक्य रूढ झाले, आणि ते आजही प्रत्येक वाडीवस्तीवर ऐकू येते. टाचेत काडीचीही वेदना नसलेल्या पुष्कळ माणसांच्या हाडाला तसाच काटा असतो. उलट, टाचदुखीने बेजार झालेल्या कित्येकांच्या छायाचित्रात तो नसतोच. ही गोष्ट आता निर्विवाद आहे, तरी त्या वाक्याने घातलेली भीती ओसरलेली नाही. हाड वाढले म्हणजे ते कापल्यावाचून गत्यंतर नाही, या समजुतीने किती माणसांनी चालणेच सोडले असेल, या विचाराने मन विषण्ण होते.

दुसरे मोठे वळण कॉर्टिसोनने दिले. 1948 साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णास ते प्रथम टोचले, 1950 साली त्यांना सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले, आणि पुढे त्याच जातीचे औषध सुईने थेट टाचेत सोडण्याची पद्धत जगभर पसरली. येथील हातावर पोट असलेल्या माणसाला ती सुई वरदान वाटली तर त्यात त्याचा दोष नाही: एका टोचणीने दोन-चार दिवसांत टाच टेकू लागते आणि खाडा पडत नाही. परंतु 2012 साली ऑस्ट्रेलियात 82 रुग्णांवर झालेल्या काटेकोर चाचणीत या सुईने वेदना चौथ्या आठवड्यापर्यंत कमी झाली आणि आठव्या व बाराव्या आठवड्यांत खोट्या सुईहून तिचा अधिक गुण दिसला नाही. वारंवार टोचल्याने टाचेखालची चरबीची गादी विरळ होते, आणि क्वचित तो पट्टाच तुटतो. शिवाय 2003 साली शस्त्रक्रियेत काढलेल्या 50 नमुन्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली तेव्हा त्यांत दाहाची चिन्हे न आढळता झीज आढळली. म्हणजे ज्या दाहावर हे औषध योजले होते तो दाहच तेथे नव्हता.

पादत्राणांच्या बाजूने मात्र भारतानेच एक मौलिक देणगी दिली. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांचे सहकारी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांना जखमा होऊ नयेत म्हणून झटत होते, आणि त्या खटपटीतून सूक्ष्म छिद्रे असलेल्या मऊ रबराच्या तळव्यांचा प्रसार झाला. तीच आज बारामतीच्या औषधदुकानात मिळणारी एमसीआरची चप्पल. मूळ ज्या दुर्दैवी जनांसाठी ती घडली त्यांची आठवण ती विकत घेणाऱ्यास नसते. पण सिमेंटच्या ओट्यावर आणि शहाबादी फरशीवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या गृहिणीच्या टाचेचे तिने मोठेच रक्षण केले आहे. साच्याने खास घडविलेल्या महाग तळव्यांपेक्षा तयार मिळणारे साधे तळवे उणे ठरत नाहीत, हे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलियात 135 रुग्णांवर केलेल्या परीक्षणाने दाखविले आहे. दोहोंनी पहिले काही महिने थोडा आराम मिळतो आणि वर्षाअखेरीस सर्वांची स्थिती सारखी होते.

ध्वनिलहरींच्या आघातांनी करावयाच्या चिकित्सेविषयी विद्वानांत अद्यापि मतभेद आहेत. 2002 साली ऑस्ट्रेलियात 166 जणांवर केलेल्या प्रयोगात तिचा काहीच विशेष गुण दिसला नाही, पुढील काही प्रयोगांत दिसला. तेव्हा जुनाट आणि हट्टी टाचेसाठीच ती राखून ठेवणे उचित होय. रुग्णाचेच रक्त काढून, त्यातील घटक वेगळे करून टाचेत टोचण्याची रीतही शहरांत आली आहे. ती सावकाश गुण देते असे तिचे पुरस्कर्ते सांगतात, पण तिचा खर्च पाहता ती सरसकट सुचवावी असे मला वाटत नाही. महाराष्ट्रातील अनेक वैद्यांनी अग्निकर्म पुन्हा हाती घेतले आहे. तापल्या शलाकेने टाचेवर क्षणमात्र बिंदू उमटवून वर कोरफडीचा गर लावण्याची त्यांची रीत धनगरी डागाहून कितीतरी संयत आहे, आणि पुष्कळांना तिने तात्कालिक उतार पडतो. तरी ती सुईप्रमाणेच वेदनेवरची चिकित्सा होय, झिजलेल्या पट्ट्यावरची नव्हे. शस्त्रक्रियेचा विचार सहा महिने ते वर्षभर सर्व उपाय थकल्यावाचून करू नये, याविषयी तर आता दुमत नाही.

राहिला तो सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग, व्यायामाचा. 2003 साली अमेरिकेत 101 जुनाट रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, सकाळी पाऊल टाकण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन हाताने बोटे मागे ओढून धरण्याचा ताण, पोटरीच्या नेहमीच्या ताणापेक्षा आठ आठवड्यांत अधिक गुणकारी ठरला. 2014 साली डेन्मार्कमध्ये 48 रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने त्यापुढचे पाऊल टाकले: पायरीच्या कडेवर उभे राहावयाचे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घालावयाची, आणि दुखऱ्या पायाने टाच सावकाश उचलून, क्षणभर धरून, तितक्याच सावकाश खाली न्यावयाची, दिवसाआड. तीन महिन्यांत या रुग्णांची प्रगती ताणाच्या व्यायामापेक्षा ठळकपणे सरस होती, आणि वर्षाअखेरीस येथेही दोन्ही गट जवळजवळ बरोबरीस आले. म्हणजे रोग बरा करण्यास काळ समर्थच आहे. प्रश्न आहे तो मधले महिने कमी वेदनेत आणि चालत्या पायाने कसे काढावेत याचा. माझ्या मते या एका कसोटीवर सर्व उपचार पारखले पाहिजेत, आणि त्या कसोटीवर ताण, भाराचा क्रमशः व्यायाम आणि मऊ तळव्याची चप्पल ही त्रयी पहिल्या स्थानी येते.

परंतु ही कसोटी ऊसतोड मजुराला लावू गेले की आपल्या सर्व शिफारशींचा कस लागतो. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल हंगाम संपेपर्यंत फेडावयाची. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालावयाचा. डोकी सेंटरला, म्हणजे डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक भरणाऱ्या टोळीत, लागलेली बाई उसाची मोळी घेऊन, ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून चढून जाते, आणि प्रत्येक पावलाला तिचा स्वतःचा आणि मोळीचा मिळून सारा भार त्या एका पट्ट्यावर येतो. पायात असते ती पाचटात घसरणारी रबरी चप्पल. तिला विश्रांती घ्या असे सांगणे म्हणजे तिची उचल वाढवा असे सांगणे होय. बारामतीस 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कारखान्यांजवळ डॉक्टर आहेत. पण तिची पावले दवाखान्याकडे वळतात ती खाड्याच्या दिवशी, आणि त्या एका भेटीत तिला सुईच हवी असते. तेथे बसलेल्या डॉक्टरांनी सुई द्यावी किंवा न द्यावी, परंतु पहाटे कोपीतून बाहेर पडण्यापूर्वी बोटे मागे ओढून धरावयाची रीत तिच्याकडून समोर करवून घ्यावी, टायरगाडीच्या जुवाचे किंवा कालव्याच्या दगडी पायरीचे टोक दाखवून टाच उचलण्याचा व्यायाम दिवसाआड करावयास सांगावे. आणि कारखान्यांनी हंगामाच्या आरंभी कोयत्यागणिक जाड, मऊ तळव्याच्या दोन जोड चपला वाटाव्यात. उसाच्या एका खेपेच्या वाहतुकीपुढे त्या दोन जोडांची किंमत क्षुल्लक आहे.